जसे बोलले तसे लिहिले नाही

अर्जदार: खाली सही करणारा, वय वर्षे चोपन्न, शिक्षण नववीपर्यंत, धंदा अर्जनवीस, बसण्याची जागा दिल्लीतल्या एका कचेरीच्या फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली.

अन्याय झालेली व्यक्ती: एक मराठी बाई, संशोधक, त्या वेळी राहणार मुनिरका, दुसरा मजला, घरमालक चौधरी यांच्या भाडेकरू.

ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो: अर्जदार स्वतः.

घटनेचा काळ: कॅसेटी मिळत होत्या आणि मोबाइल आले नव्हते, तेव्हाचा, एका हिवाळ्यापासून पुढच्या हिवाळ्यापर्यंत. नेमक्या तारखा देता येत नाहीत, याचे मला या धंद्यातला माणूस म्हणून वाईट वाटते.

साक्षीदार: चहावाला बिरजू, आता हयात नाही; कँटोन्मेंटातल्या सुभेदारीणबाई शेवंताबाई, साताऱ्याकडे परत गेल्या असे ऐकतो; विद्यापीठाच्या खोलीत बसलेले तीन परीक्षक, ज्यांची नावे मी लिहीत नाही, कारण त्यांचा दोष नाही.

हा तक्ता मी आजवर हजारो लोकांसाठी डोळे मिटून भरला आहे. या खेपेस तिसऱ्या ओळीपाशी बराच वेळ गेला.

बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांचे वय आज माझे आहे त्याहून थोडे कमी असावे, आणि मी सत्तावीस-अठ्ठावीसचा होतो. चार दिवस त्या माझ्या गिऱ्हाइकांच्या बाकामागे नुसत्या उभ्या राहिल्या. अंगावर पुरुषी स्वेटर, खांद्याला झोळी, आणि झोळीतून डोकावणारे लहान मुलाचे लोकरी टोपरे. मला वाटले, परवाने तपासणाऱ्यांपैकी कोणी आहे. शेवटी मीच विचारले, "काम क्या है, मैडम?" बाई माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. इतक्यात बिरजूच्या हातून त्यांच्या पायावर चहा सांडला आणि त्या म्हणाल्या, "अगं आई गं!"

"मराठी का तुम्ही?" मी विचारले.

"हो. आणि तुम्ही रागावता कुठल्या भाषेत?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हणालो, "बायकोवर मराठीत. बाहेर हिंदीत."

"आणि स्वतःवर?"

ही त्यांची ओळख करून घेण्याची पद्धत होती. पुढे पाहिले की त्या हा प्रश्न भाजीवाल्यालाही विचारत आणि मंत्रालयातल्या सहसचिवालाही. स्वतःहून आधी बोलायचे नाही, समोरचा कुठल्या भाषेत तोंड उघडतो याची वाट पाहायची, असा त्यांचा नेम होता. घरमालकीण चौधरीण त्यांना गुंगी, म्हणजे मुकी, समजत असे. सहा महिन्यांनी तिला कळले की ही बाई बोलते, तेव्हा तिने गल्लीत पेढे वाटले म्हणतात.

टोपऱ्यात टेपरेकॉर्डर असे. "नुसतं यंत्र दिसलं की माणसं सावधान होतात," बाई म्हणत. "टोपरं दिसलं की बाळाची चौकशी करतात. मग बोलायला लागतात."

एकदा त्या पहाटेच्या बसने कुठेशा कॉलेजात जायला निघाल्या होत्या. पुढच्या आसनावर चादरींची खरेदी करायला निघालेले दोन मराठी व्यापारी भांडत होते. एक हिंदीत चिडे, दुसरा मराठीत समजूत काढी, आणि मधेच दोघे अदलाबदल करीत. बाईंचे उतरण्याचे ठिकाण गेले. भांडण मिटेना म्हणून त्या थेट पानिपतला पोचल्या आणि संध्याकाळी परतल्या. बिरजूने विचारले, "मैडम, फिर जीता कौन?" बाई म्हणाल्या, "जो मराठी में चुप हुआ, वो." आणि मला मराठीत म्हणाल्या, "आपल्या लोकांचं पानिपतला काय व्हायचं ते होऊन गेलंय, अर्जनवीस. माझा मात्र फायदा झाला."

त्या मला 'अर्जनवीस' म्हणत. इतर सगळे 'मुंशीजी' म्हणतात. 'अर्जनवीस' या शब्दाने मला उगाच पदवी मिळाल्यासारखे वाटे. हे लिहून ठेवतो, कारण पुढे जे झाले त्यात याचाही भाग आहे.

बाईंच्या संशोधनाचा विषय त्यांच्या विभागात मोठ्या इंग्रजी शब्दांत नोंदलेला होता. मला त्यांनी तो असा सांगितला: "माणूस स्वतःबद्दल कुणाला, कशातून सांगतो, आणि सांगताना कोण होऊन बसतो. पत्रात एक, फोनवर दुसरा, तुमच्या कागदावर तिसराच." मुनिरक्यातल्या त्यांच्या खोलीच्या भिंतीवर वर्तमानपत्रांतल्या बेपत्ता माणसांच्या जाहिराती चिकटवलेल्या होत्या. रंग गहुवर्णी, बांधा सडपातळ, डाव्या भुवईवर व्रण. मी म्हणालो, "बाई, हे काय घरात लावायचं?" त्या म्हणाल्या, "आपलं माणूस हरवलं की त्याला कसं ओळखायचं ते घरचे इथं सांगतात. सहसचिवाच्या घरी मुलाचं वर्णन विचारा, त्याचे मार्क सांगतील."

माझ्या कडुनिंबाखाली त्या पुष्कळ दिवस बसल्या. एका सकाळी सोनिपतकडचा एक म्हातारा आला. म्हणाला, "नलका टूट्या पड़्या सै जी. बहू कोस भर दूर तै पाणी ल्यावै सै, पेट तै सै बेचारी." मी ऐकले आणि अर्ज लिहिला: प्रार्थी अत्यंत विनम्रतेने निवेदन करतो की ग्रामातील सार्वजनिक नळ दीर्घकाळापासून नादुरुस्त असून समस्त ग्रामवासीयांना पेयजलाची घोर अडचण आहे, वगैरे, हिंदीत. खाली नेहमीचे वाक्य घातले की वरील मजकूर प्रार्थीच्या सांगण्याप्रमाणे लिहिला, वाचून दाखविला, बरोबर आहे असे म्हणाला. म्हाताऱ्याने अंगठा दिला आणि समाधानाने गेला.

बाईंनी कागदाची नक्कल पाहिली. "सून कुठं गेली?" त्यांनी विचारले.

"कुठली सून?"

"पोटुशी. कोसभर लांबून पाणी आणणारी."

मी म्हणालो, "बाई, साहेबांपुढे असल्या घरगुती गोष्टी गेल्या तर ते कागद फेकून देतात. माणूस बोलतो तसं लिहिलं तर त्याचं कुणी ऐकत नाही. मी लिहितो म्हणून ऐकतात."

माझे हे म्हणणे खोटे नव्हते. आजही नाही. तोंडाने चाचरणारा माणूस कचेरीच्या खिडकीतून हाकलला जातो, आणि माझा कागद आत जातो. बाई वादात पडल्या नाहीत. त्यांनी वहीत दोनच शब्द लिहिले: 'सून गेली.' मला ते तेव्हा विनोदी वाटले आणि मी बिरजूला ते सांगितलेही.

माझे वडील लष्करात हवालदार होते आणि निवृत्तीनंतर दिल्लीतच राहिले. त्यांच्यामुळे कँटोन्मेंटातल्या मराठी घरांत मला मोकळे जाता येई. बाईंना नेमकी तीच घरे हवी होती. जवान सरहद्दीवर, बायको क्वार्टरात. दोघांमधला संसार कशावर चालतो, पत्रावर, रविवारच्या एसटीडी बूथवर की कॅसेट भरून पाठवण्यावर, हे त्यांना लिहायचे होते. बूथवर मागे रांग असते, तिच्यापुढे गावंढळ दिसू नये म्हणून या बायका नवऱ्याशी हिंदीत बोलतात आणि फोन ठेवायच्या आधी दोन वाक्ये मराठीत बोलतात, हे बाईंनी मला दाखवले तोपर्यंत माझ्या लक्षातही आले नव्हते. मी त्याच वसाहतीत वाढलो होतो.

पण बाई घरात शिरल्या की बायका पदर सावरून गप्प बसत. माझ्यापुढे मात्र बोलत. तेव्हा ठरले की मी टेपरेकॉर्डर घेऊन जावे, बोलणे भरून घ्यावे आणि नंतर ऐकून कागदावर उतरवावे. एकूण चाळीस घरे. कॅसेटी मोजक्याच होत्या, म्हणून एक कागदावर उतरली की तिच्यावरच पुढची मुलाखत भरायची, असा नियम बाईंनी घातला.

"एक गोष्ट," बाई म्हणाल्या. "ती 'अं' म्हणाली तर 'अं' लिहायचं. थांबली तर 'थांबली' असं लिहायचं. तुमचं काही घालायचं नाही, अर्जनवीस. आणि माणूस बोलत असताना मधे बोलायचं नाही. मधे बोलणारा चोर असतो. तो दुसऱ्याचं वाक्य पळवतो."

मी मान डोलावली. पहिल्या सहा मुलाखती बाईंच्या शेजारी बसून, यंत्र मागे-पुढे करून, अक्षरशः तशाच लिहिल्या. बाईंनी पडताळून पाहिल्या. "शाबास," म्हणाल्या. मग त्यांना कावीळ झाली आणि त्या अंथरुणाला खिळल्या. सातवीपासून मी एकटा होतो.

सातवी मुलाखत शेवंताबाईंची. त्यांचे मूळ बोलणे मला आजही पाठ आहे, आणि चाळिसांपैकी तेवढे एकच पाठ आहे. त्या म्हणाल्या होत्या: "मला ना, फोनवर कायबी सुचत नाही बघ. हे म्हणत्यात, बोल, बोल. मी म्हणते, सब ठीक आहे, बिल्कुल ठीक आहे. मग लाईन कटते. आन् मग घरी येताना वाटंत सगळं आठवतं. मग काय, वाटंलाच सांगते." मग त्या थांबल्या होत्या, हसल्या होत्या, आणि "अच्छा चल, चहा घे," म्हणाल्या होत्या.

मी हे ऐकले आणि माझी लेखणी चालेना. या काकूंनी मला लहानपणी कडेवर घेतले होते. त्यांचे बोलणे विद्यापीठाच्या ग्रंथात जाणार, मोठे लोक ते वाचणार, आणि आमच्या पलटणीच्या बायका अशा अर्धवट हिंदी, अर्धवट गावंढळ बोलतात असे त्यांना दिसणार. मी लिहिले: 'दूरध्वनीवर संभाषण करतेवेळी माझे अंतःकरण भरून येते व शब्द सुचत नाहीत. सबब मी केवळ कुटुंबाच्या क्षेमकुशलाची वार्ता देते. तथापि परतीच्या मार्गात अनेक विचार मनात दाटून येतात.' लिहून झाल्यावर मला फार बरे वाटले. वाटले, शेवंताकाकूंचे पांग फेडले.

मग त्या कॅसेटवर आठवी मुलाखत भरली.

मुनिरक्यात जाऊन मी बाईंना कागद वाचून दाखवीत असे. त्यांचे डोळे पिवळे पडले होते आणि त्या ते मिटून पडून असत. चौधरीण उसाच्या रसाचा पेला आणून ठेवी आणि मला दरडावी, "ज्यादा मत पढ़ना, मुंशी." शेवंताबाईंचा कागद ऐकून बाईंनी डोळे उघडले.

"अशी बोलते ती?" त्यांनी विचारले.

"हो, बाई."

"थांबत नाही कुठं?"

"नाही. धडाधड बोलतात काकू."

"फार छान बोलते हो," बाई म्हणाल्या. त्या आवाजात कौतुक होते की दुसरे काही, हे मी इतकी वर्षे ताडून पाहतो आहे. आजारी माणसाने विश्वास ठेवायचा नाही तर काय करायचे? त्यांची विद्यापीठातली नोकरी तात्पुरती होती. प्रबंध मान्य झाला तरच ती पक्की होणार होती, आणि मुदत जवळ आली होती. मी उरलेली सगळी घरे त्याच रीतीने लिहिली. अक्षर सुरेख होते. त्याबद्दल मला कोणी आजवर नावे ठेवलेली नाहीत.

प्रबंधाच्या आरंभी बाईंनी माझे नाव घातले आणि मुलाखती यांनी उतरवल्या असे स्पष्ट लिहिले. ते पान मी बिरजूला तीनदा दाखवले. "वाह मुंशीजी, किताब में आ गए!" तो म्हणाला.

परीक्षकांपैकी एकाला मराठी येत होती. त्याने विचारले की चाळीस घरांतल्या बायका, कोणी नगरची, कोणी कोल्हापूरची, कोणी दिल्लीतच जन्मलेली, सगळ्या 'सबब' आणि 'तथापि' म्हणतात हे कसे. पहिल्या सहा तेवढ्या वेगवेगळ्या बोलतात. बाकीच्या एकाच लेखणीतून उतरल्या आहेत. मूळ कॅसेटी दाखवा. कॅसेटींवर शेवटच्या काही मुलाखती तेवढ्या उरल्या होत्या. त्या ऐकल्यावर तर संशय पक्का झाला, कारण कागदावर भलतेच होते. प्रश्न एवढाच राहिला की हे बाईंनी स्वतः रचले, की दुसऱ्या कोणी.

बाई कडुनिंबाखाली आल्या. आजारातून उठल्यामुळे स्वेटर त्यांच्या अंगावर लोंबत होता.

"अर्जनवीस, उद्या विभागात यायचंय तुम्हाला."

"कशाला, बाई?"

"काय झालं ते सांगायला. मला शिक्षा होईल, मी तपासलं नाही म्हणून. ती बरोबरच आहे. वर्षभर पुन्हा घरं फिरेन. पण मी रचलं असं ठरलं तर संपलं."

"मी येतो," मी म्हणालो. आणि खरोखरच सांगायचे ठरवून गेलो. वडिलांचा कोट घातला होता.

खोलीत लांब टेबल होते. मला खुर्ची दिली. माझ्याशी बोलताना ते 'आप' म्हणत होते. एका परीक्षकाने अत्यंत सभ्यपणे विचारले, "क्या आपने बोलने वालों के शब्द बदले?"

या प्रश्नाचे उत्तर 'हो' एवढेच होते. पण ते तोंडाशी आले तेव्हा मला माझे फाटक दिसले, आणि प्रत्येक अर्जाखालचे ते वाक्य दिसले: सांगण्याप्रमाणे लिहिला. विद्यापीठाच्या कागदावर एकदा आले की हा माणूस लोकांचे शब्द बदलतो, तर उद्या कुठला वकील, कुठला कारकून माझ्या हातचा कागद आत घेणार? याशिवाय आणखी एक गोष्ट होती आणि ती लपवीत नाही. नववी नापास माणसाला त्या खोलीत खुर्ची मिळाली होती, आणि त्या खुर्चीवरून चूक कबूल करणे मला जमले नाही.

मी म्हणालो, "जी नहीं. जैसा बोला गया, वैसा ही लिखा गया."

"और ये कैसेट?"

"कैसेट के बारे में मैं कुछ नहीं कह सकता."

परीक्षकांनी बाईंकडे पाहिले. बाई माझ्याकडे पाहत होत्या. त्यांनी रागाने पाहिले नाही. शेवंताबाई बोलता बोलता थांबल्या असत्या तर बाईंनी जसे पाहिले असते, तसे त्या पाहत होत्या. पुढचे वाक्य येईल म्हणून वेळ देत होत्या. मी पुढे काहीच बोललो नाही.

"मुझे कुछ नहीं कहना है," बाई म्हणाल्या.

जिन्यावर मी त्यांना गाठले. "बाई, तुम्ही मला खोटं का नाही पाडलंत तिथं?"

"मी वाट बघत होते," त्या म्हणाल्या, आणि खाली उतरून गेल्या.

प्रबंध नामंजूर झाला. मुलाखती बनावट, असा शेरा पडला. तात्पुरती नोकरी पुढे चालू राहिली नाही. मी महिनाभराने धीर करून मुनिरक्यात गेलो, तर खोली रिकामी झाली होती आणि भिंतीवर चिकटवलेल्या कागदांचे चौकोनी डाग उरले होते. चौधरीण दारात उभी राहून म्हणाली, "तू ही है ना वो मुंशी? चला जा यहाँ से." तिला बाईंनी काही सांगितले असेल असे वाटत नाही. तिला आपोआप कळले असावे.

बिरजूला कुणाकडून तरी समजले की बाई फरीदाबादेत कारखान्यांच्या वस्तीतल्या एका शाळेत शिकवतात. दोन वर्षांनी मी तिथे गेलो. फाटकावर चौकीदाराने वही पुढे केली. "नाम लिखो. किससे मिलना है लिखो. काम लिखो." मी माझे नाव लिहिले. बाईंचे नाव लिहिले. 'काम' या शब्दाखाली काय लिहावे ते मला सुचेना. मागे दोन पालक खोळंबले होते. चौकीदार म्हणाला, "अरे भाई, काम क्या है? बोल दो, मैं लिख देता हूँ." मी वही परत दिली आणि बसने दिल्लीला आलो. त्यानंतर बाईंचा ठावठिकाणा मला कळलेला नाही.

माझा धंदा बुडाला नाही. उलट वाढला. ज्या भीतीने मी खोटे बोललो ती भीती खरी ठरली असती की नाही, हे आता कधीच समजणार नाही. आज लोक मोबाइलवर बोलून अर्ज टाइप करून घेतात, तरी माझ्याकडे येणारे येतात. त्यांचे मी ऐकून घेतो. पोटुशी सून, आजारी बैल, जावयाची दारू, जे काही सांगतील ते अर्जात एका ओळीत तरी घालतो. काही अर्ज त्यामुळे परत येतात. गिऱ्हाईक ओरडते. पण शेवंताबाईंनंतरच्या तेहेतीस बायकांचे बोलणे त्याने परत येत नाही. मी पुष्कळदा डोळे मिटून आठवून पाहिले आहे. मला माझीच वाक्ये आठवतात, एकूण एक, विरामचिन्हांसकट. त्यांचा आवाज आठवत नाही. त्यांच्यापैकी किती जणी आता हयात आहेत तेही ठाऊक नाही, आणि त्या काळी त्या घरांत काय बोलले गेले याचा दुसरा कुठलाही कागद कुठेही नाही.

मागच्या वर्षी हाच मजकूर मी विद्यापीठाच्या त्या विभागाकडे रजिस्टर पोस्टाने पाठवला. 'संबंधित शाखेशी संपर्क साधावा' असा शेरा होऊन तो परत आला. संबंधित शाखा कोणती, हे शेऱ्यात नव्हते. म्हणून हा मजकूर आता मराठी वाचकांपुढे ठेवीत आहे.

सबब विनंती अशी की, बाईंच्या प्रबंधावरचा 'बनावट' हा शेरा काढावा आणि त्या जागी असे लिहावे की मुलाखती खऱ्या होत्या, बायका खऱ्या होत्या, शब्द खाली सही करणाऱ्याने बदलले आणि विचारले असता तो खोटे बोलला. याबद्दल जी शिक्षा असेल ती मला मान्य आहे. नोटीस बजावण्यासाठी पत्ता कडुनिंबाखालचा धरावा, मी सकाळी दहापासून तिथे असतो.

बाईंपर्यंत हा कागद कोणी पोचवू शकल्यास पोचवावा. त्यांनी क्षमा करावी असे मागणे मी यात घातलेले नाही, कारण तो माझा हक्क नाही. त्यांना उत्तर द्यायचे नसेल तर देऊ नये. फक्त त्यांनी हा वाचला, किंवा वाचायला नकार दिला, यांपैकी जे झाले असेल त्याची पोच मिळावी.

आपला,
सही